देवघरातला शाळिग्राम : पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत

शाळिग्राम, म्हणजे विष्णूचं रूप मानून पुजतात तो गंडकी नदीतला काळा दगड, घरी ठेवल्याने खरंच काही जाणवतं का, असं हल्ली बरेच जण विचारतात. माझ्या देवघरात गुढीपाडव्यापासून एक आहे आणि तुळशीची लग्नं नुकतीच पार पडली. एवढ्या काळात रोज हाताळल्यावर जे वाटलं ते सविस्तर लिहिते, कारण याविषयी एक तर नुसते चमत्कार वाचायला मिळतात, नाही तर नुसती टिंगल.

आमचा शाळिग्राम राजापूरकडच्या मामांच्या घरचा. मामांना आता खाली बसून पूजा होत नाही आणि मुलं परदेशात, म्हणून त्यांनी तो संपुष्टासकट, म्हणजे त्याच्या झाकणाच्या डबीसकट, माझ्याकडे दिला. आकाराने लहान लिंबाएवढा, काळाभोर, वर्षानुवर्षांच्या गंधा-तुळशीने गुळगुळीत झालेला. एका बाजूला मुख आहे. त्यातून आत पाहिलं की चक्र दिसतं : मध्यापासून फिरत बाहेर येणारी वेटोळी आणि त्यांवर बारीक, अगदी सारख्या अंतरावर उठलेल्या शिरा. कडेला एक टवका उडालेला आहे. इतर मूर्ती भंगली की विसर्जन करतात, पण शाळिग्राम खंडित झाला तरी पूज्यच मानतात, त्यामुळे ती काळजी नव्हती. एकच ठेवला तर चालतो का, हेही विचारलं. एक चालतो, दोन ठेवत नाहीत आणि त्यापुढे सम संख्येत ठेवतात, असं मामांनी सांगितलं.

आता तो आहे काय, ते सांगते. माझ्या अनुभवाचा अर्धा भाग यातच आहे. नेपाळमध्ये मुस्तांग भागात, मुक्तिनाथाच्या परिसरात, काली गंडकी नदी काळ्या, ठिसूळ शेल खडकातून वाहते. एका बाजूला धवलगिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा. साडेतीन हजार मीटरहून उंच असलेल्या मुक्तिनाथाच्या आसपासचा हा खडक एके काळी समुद्राचा तळ होता. टेथिस नावाच्या त्या समुद्रात अमोनाइट हे शंखातले प्राणी राहायचे. माकुल आणि ऑक्टोपस यांचे हे दूरचे नातलग. प्राणी वाढला की शंखात पुढे नवा कप्पा करायचा आणि मागचे कप्पे पडद्यांनी बंद करायचा. त्या कप्प्यांतून एक बारीक नळी जायची, तिच्यातून आतलं पाणी काढून घेतलं की शंख हलका होऊन पाण्यात तरंगायचा. प्राणी मेला, तळच्या चिखलात रुतला, त्याच्याभोवती खनिजं साचून टणक गोळा तयार झाला. पुढे भारताचा भूखंड उत्तरेला जाऊन आशियाला भिडला, हिमालय वर आला आणि तो तळही डोंगरात उचलला गेला. शेल झिजतो, गोळा टिकतो, नदी त्याला घोळून घोळून गोल करते. मुस्तांगच्या या खडकाचं वय साधारण १४ ते १६ कोटी वर्षं. आमच्या ठाण्यातून येऊरचे डोंगर दिसतात, ते ज्या लाव्ह्यातून झाले तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे ताम्हनातला हा लहानसा दगड त्या डोंगरांच्या दुपटीहून जुना आहे.

हे कळल्यावर भक्ती कमी झाली का, असं माझ्या जावेने विचारलं. उलट वाढली. आपल्याकडे परंपरेनेही सांगितलंय की वज्रकीट नावाच्या जिवाने गंडकीतल्या शिळेत ही चक्रं कोरली. दगडातली ही रेघ जिवंत प्राण्याची आहे, हे लोकांनी फार पूर्वी ओळखलं होतं, याचं मला अतोनात कौतुक वाटतं. शाळिग्रामाची प्राणप्रतिष्ठा करत नाहीत, तो मुळातच देव आहे असं मानतात, तेही मला आता जास्त पटतं.

सकाळी आंघोळ झाली की संपुष्ट उघडून तो ताम्हनात ठेवायचा, अभिषेकपात्राखाली पुरुषसूक्ताच्या १६ ऋचा म्हणायच्या, पुसायचं, गंध लावायचं, वर तुळशीपत्र ठेवायचं. अक्षता वाहायच्या नाहीत. सुरुवातीचे आठवडे मी घड्याळाकडे बघत उरकत होते, लोकल गाठायची असते. पावसाळा लागेपर्यंत हात आपोआप सावकाश व्हायला लागले. तळहातावर घेतला की आधी गारवा आणि आकाराच्या मानाने जाणवणारं वजन. मग बोट चक्राच्या शिरेवरून फिरतं आणि डोक्यातली यादी थांबते. काही दिवस छातीत भरून येतं, डोळ्यांत पाणी येतं, कारण सांगता येत नाही. ज्याला लोक ऊर्जा म्हणतात ती हीच असेल, तर ती मला नक्की जाणवते आणि ती माझ्यासाठी खरी आहे.

पण ती दगडातून बाहेर येते, हे मला मान्य नाही. आमच्या इमारतीत एका वास्तुसल्लागारांनी दोन सळ्या हातात धरून हा शाळिग्राम किती ‘रेंज’ देतो ते मोजून दाखवलं. सळ्या लगेच फाकल्या. मी विनंती केली, तेव्हा एकसारख्या कापडी पिशव्यांत शाळिग्राम आणि नदीतले दोन साधे गोटे बांधून पुन्हा मोजायला ते तयार झाले. सळ्या गोट्याच्या पिशवीवर फाकल्या. यात त्यांची लबाडी नव्हती; धरणाऱ्याच्या मनात जे असतं तसे मनगटाचे स्नायू नकळत हलतात, हे शास्त्राला बऱ्याच काळापासून माहीत आहे. पिशवी माझ्या हातात दिली असती तर मलाही ओळखता आलं नसतं. मला जाणवतं ते ओळखीमुळे. मामा, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा यांचे हात यावरून फिरलेत हे माहीत असतं म्हणून. आणि तो समुद्र, तो प्राणी माहीत आहे म्हणून. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या एका गावात लोक शेताच्या रक्षणासाठी गोल दगड पूजत होते. ते डायनासोरची अंडी असल्याचं अभ्यासकांनी ओळखलं आणि २०२३ मध्ये त्याच्या बातम्या आल्या. ते वाचलं तेव्हा मला त्या शेतकऱ्यांबद्दल आपलेपणाच वाटला.

पैसा, नोकरी, सासूबाईंची गुडघेदुखी, यांत काहीही फरक पडलेला नाही. तसा फरक पडेल म्हणून कोणी घेणार असेल तर घेऊ नये, आणि आजारपणात तीर्थ अवश्य घ्यावं पण औषध थांबवू नये.

बायकांनी शाळिग्रामाला शिवू नये असं काही घरांत पाळतात. मलाही एका गुरुजींनी ते सुनावलं. मामा स्वतः सोवळ्यातले, त्यांनीच विचारपूर्वक तो माझ्या हाती दिला, माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला. ज्यांच्या घरी हे अजून अडतंय त्यांनी निदान बोलावं तरी, कारण कित्येक संपुष्टं केवळ या कारणाने बंद पडून आहेत.

निगा राखण्याबद्दल थोडं, कारण हे कोणी सांगत नाही. आतल्या शंखाचा भाग बऱ्याचदा चुनखडीच्या जातीचा असतो, त्यावर आम्लाचा परिणाम होतो. पंचामृतातलं दही आंबट असतं, म्हणून पंचामृती स्नान सणावारीच घालावं आणि लगेच कोमट पाण्याने धुवावं. तांब्याची भांडी घासायची चिंच किंवा लिंबू याला कधीही लावू नये. काही शाळिग्रामांत सोनेरी ठिपके दिसतात, ते बहुधा पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे. दमट हवेत पायराइट हळूहळू बिघडतो आणि दगडाला भेगा पडू शकतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सुती फडक्याने मुखाच्या आतपर्यंत टिपून, थोडा वेळ उघडा ठेवून मगच संपुष्टात ठेवावा.

नवा विकत घ्यावा का? शाळिग्रामाची खरेदी-विक्री दोषाची मानतात आणि मला ते योग्य वाटतं. शिवाय बाजारात काळ्या दगडात कोरलेले, राळेत ओतलेले खूप आहेत. खऱ्या चक्राच्या शिरा हाताने कोरल्यासारख्या तुटक नसतात, मुखाच्या कडेखाली तशाच आत जातात, एवढं तरी भिंगातून बघावं. त्यापेक्षा आपल्या नात्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. ज्यांना आता पूजा झेपत नाही अशी घरं भरपूर आहेत. काही जण शेवटी देवळात नेऊन देतात. तिथेही विचारता येईल. मात्र घेताना देणाऱ्याकडून त्यांच्या घरची पद्धत, म्हणण्यासकट, रेकॉर्ड करून घ्या. मी मामांची घेतली आहे, आणि त्यात एका ऋचेच्या उच्चारावर ते मला थांबवून तीनदा म्हणून घेतात, तेवढा भाग मी अजून लोकलमध्ये ऐकते.