टिक् वाजतं, पाणी येत नाही: गच्चीवरचा ठिबक टायमर, चार महिन्यांनंतर

मार्चच्या सुरुवातीला घेतला, आता जून संपत आला. 22 ग्रो बॅग, ठिबकचा किट आणि नळाला लावायचा बॅटरीवरचा टायमर. किटमध्ये काय काय येतं ते खोक्यावर लिहिलेलं आहेच. मला बोलायचंय ते टायमरच्या 'टिक्'बद्दल.

रोज सकाळी साडेसहाला टिक् व्हायचं. पडद्यावर थेंबाचं चित्रही यायचं. पाणी नाही! आणि हे मला पहिले आठ दिवस कळलंच नाही, कारण माझ्याआधी सासूबाई गच्चीवर जाऊन लोट्याने सगळ्या झाडांना पाणी घालून यायच्या. इकडे मी ऑफिसात सांगत सुटलेले, ठिबक काय मस्त चालतंय म्हणून.

मदतीच्या नंबरावर चार फोन केले. बॅटरी बदला. जाळी धुवा. परत बॅटरी बदला. चौथ्या वेळी एक मुलगा खरं बोलला, "मॅडम, टाकी आणखी वर न्या, नाहीतर पंप लावा." म्हणजे तेराशेच्या टायमरसाठी मी पंप विकत घेऊ? मग खोकं उलटं करून चष्मा लावून पाहिलं. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत: किमान दाब 0.5 बार. 10 मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण 1 बार भरतो. आमची टाकी गच्चीपासून दीड मीटर वर, म्हणजे 0.15. टायमरच्या आत पाण्याची वाट अडवणारा रबरी पडदा असतो, तो उचलायला पाण्याचाच जोर लागतो, तो नसला की नुसतं टिक्. गच्चीवरच्या टाकीलाच लावणारे निम्मे लोक असतील, मग ही ओळ पुढच्या बाजूला ठळक छापायला यांचं काय जातं? पैसे परत मिळाले नाहीत. 'वस्तू सदोष नाही.'

इथपर्यंतचं एप्रिलमध्ये लिहून ठेवलं होतं, एक तारा देऊन. आता तीन देतेय, पण ते त्या टायमरला नाहीत.

झालं असं की आमच्या इंदूरच्या सियागंज बाजारात पाइपाचे जोड आणायला गेले होते. दुकानदाराला रडगाणं ऐकवलं, तर तो म्हणाला, "दीदी, टिक् वाला मत लो, घुर्र वाला लो." घुर्रवाल्यात छोटी मोटर असते, ती आतला बॉल फिरवून वाट उघडते. दाब असो नसो. आणखी सोळाशे गेले. दुसऱ्या दिवशी साडेसहाला घुर्र झालं आणि नळीतून आधी हवा फुसफुसली, मग पाणी आलं. मी गच्चीवर एकटीच टाळ्या वाजवल्या.

तरी ड्रिपरवर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीवर, लिहिलेलं तासाला 4 लिटर विसरा. मापाचं भांडं खाली ठेवून पाहिलं, अर्ध्या तासात पाऊण लिटर. त्यात मध्ये बोअरचं पाणी चढवलं की तोंडं पांढरी पडून बंद. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवले की सुटतात.

आता भाजी. टोमॅटोने रडवलं. झाडं कमरेएवढी, फुलं भरपूर, आणि मेमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर सगळी फुलं खाली. त्यात टायमरचा दोष नाही, एवढ्या उन्हात परागच धरत नाहीत. हिरवी जाळी मी नौतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाल्यावर बांधली, तोवर जे व्हायचं ते झालं होतं. नऊ झाडांचे मिळून अकरा टोमॅटो. कोथिंबीर वितभर होऊन फुलावर गेली, पोह्यांवर विकतचीच. काकडी कडू.

भेंडी आणि गवार मात्र त्याच उन्हात माजली. भेंडी एक दिवसाआड, नळासारखीच! गिलकी जाळीवर चढून शेजारच्यांच्या बाजूला लटकली, तिकडची तीन त्यांनी विचारून तोडली, बाकीची न विचारता. आणि सगळ्यात टवटवीत काय, तर पुदिना. त्याला ड्रिपर नाहीच. टायमरच्या जोडातून थेंब गळतो, त्याच्याखाली सासूबाईंनी फुटका टब सरकवून त्यात काड्या खोचल्या. तो जोड मी दोनदा दुरुस्त करायला काढला, दोन्ही वेळा त्यांनी पाना लपवला. 1978 मध्ये नर्मदेचं पाणी इंदुरात आलं त्याआधीचे दिवस त्यांनी हंड्यांनी मोजलेत. 70 किलोमीटरवरून, नर्मदाकाठच्या जलूदहून चढून आलेलं पाणी गळून फरशीवर जाणं त्यांना चालत नाही आणि टबात गेलं की ते गळणं राहत नाही.

घ्यायचाच असेल तर दुकानात बॅटरी घालून आवाज ऐका. घुर्र आला तर घ्या.

गेल्या आठवड्यात पाऊस सुरू झाला, टायमर बंद करून ठेवलाय. टिक्वाला अजून घरातच आहे. म्हणजे त्याचं खोकं आहे, त्यात सासूबाईंनी भेंडीचं बी भरून ठेवलंय. टायमर कुठे गेला ते विचारलं नाही.