जुना मोबाइल कुठे द्यावा: एक्सचेंज, भंगार की अधिकृत ई-कचरा केंद्र?

जुना मोबाइल घराबाहेर काढायचा ठरल्यावर पुण्या-मुंबईत साधारण तीन वाटा दिसतात: नवा फोन घेताना तो एक्सचेंजला देणे, भंगारवाल्याला विकणे किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात जमा करणे. यांतली निवड हातात पडणाऱ्या रकमेवरून न करता, फोन चालू होतो की नाही यावरून करावी, असे माझे ठाम मत आहे.

फोन चालू असेल, तर एक्सचेंज किंवा वापरलेले फोन घेणाऱ्या कंपनीला विक्री हाच चांगला पर्याय ठरतो. स्मार्टफोनमुळे पर्यावरणावर पडणारा बहुतांश भार तो तयार होतानाच पडून गेलेला असतो. त्यामुळे दुरुस्तीनंतर तो आणखी काही वर्षे कोणाच्या हाती राहिला, तर ते त्याचे सुटे भाग वितळवण्यापेक्षा कितीतरी हिताचे असते. जाहिरातीतली एक्सचेंज किंमत मात्र उत्तम स्थितीतल्या फोनची असते, हे गृहीत धरूनच हिशेब करावा.

बंद पडलेल्या फोनबाबत खरा विचार करावा लागतो. भंगारवाला रोख पैसे देतो, आणि शहरातल्या कितीतरी वस्तू त्याच्या कष्टांमुळेच पुन्हा वापरात येतात, म्हणून त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. धोका पुढच्या टप्प्यांवर आहे. हातोहात विकले जाणारे सर्किट बोर्ड दिल्लीतील सीलमपूर, उत्तर प्रदेशातील मुरादाबाद अशा ठिकाणी पोहोचतात, तिथे तांब्यासाठी ते उघड्यावर जाळले जातात, सोन्यासाठी आम्लात बुडवले जातात, आणि तो विषारी धूर व ते आम्ल तिथल्या कामगारांच्या, अनेकदा मुलांच्याही, वाट्याला येते.

हे सारे ज्या धातूंसाठी चालते, त्यांचे प्रमाण पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या २००६ मधील अंदाजानुसार दहा लाख मोबाइलांत सुमारे १६ टन तांबे, ३५० किलो चांदी आणि ३४ किलो सोने असते. म्हणजे एका फोनमध्ये सोने जेमतेम ३४ मिलिग्रॅम. एकट्या बंद फोनला फारसा भाव मिळत नाही तो यामुळेच, आणि धूर व सांडपाणी रोखणारी यंत्रणा असलेल्या कारखान्यांना माल मोठ्या प्रमाणात लागतो तोही यामुळेच.

म्हणून बंद फोन अधिकृत केंद्रातच द्यावा, मग त्याचे पैसे मिळोत वा न मिळोत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनुसार पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि पुनर्चक्रण करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. केंद्राकडे त्या नोंदणीची चौकशी निःसंकोच करावी. अनेक मोबाइल कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्येही जुने फोन स्वीकारले जातात. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था ई-कचरा गोळा करते, आणि मला हा मार्ग विशेष मोलाचा वाटतो, कारण त्यात कचरावेचकांचा रोजगारही टिकतो.

कोणतीही वाट निवडली, तरी आधी सिम व मेमरी कार्ड काढावे, बँक आणि यूपीआयच्या ॲपमधून व गूगल खात्यातून बाहेर पडून मगच फॅक्टरी रीसेट करावे. बॅटरी फुगलेली असेल, तर फोन चार्जिंगला न लावता, न दाबता, कुरिअरने न पाठवता स्वतः केंद्रात नेऊन द्यावा. घंटागाडीत टाकल्यास ती दबून पेट घेऊ शकते.