दोन अक्षरं टाकली की पत्ता आला पाहिजे: आउटलुक घ्यावं की थंडरबर्ड?

जालन्यातलं बियाण्याचं ऑफिस असो, लातूरची आडत असो की वाळूजमधला छोटा सप्लायर, मेल पाठवणाऱ्याची मुख्य अडचण आडनावांची असते. ‘टू’च्या रकान्यात रोमनमध्ये ‘देश’ टाइप केलं की सहा देशमुख समोर येतात, ‘जाध’ टाइप केलं की आठ जाधव. घाईत एंटर दाबला की परभणीच्या पार्टीचं कोटेशन हिंगोलीच्या पार्टीला गेलेलं असतं. विंडोजचं जुनं मेल ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झालं, तेव्हापासून ‘आता मेलसाठी कोणतं घ्यायचं, मायक्रोसॉफ्टचं आउटलुक की मोझिलाचं थंडरबर्ड’ हा प्रश्न बऱ्याच ऑफिसांत आहे. दिसणं, रंग, कॅलेंडर यांवर भरपूर लिहून झालंय. इथे फक्त पत्ता सुचवण्याचं पाहू, कारण रोजचा त्रास तिथेच होतो.

आधी एक फरक पक्का करून घ्या, पुढच्या निम्म्या तक्रारी त्यातूनच निघतात. क्लासिक आउटलुक (म्हणजे पूर्वीपासूनचं; इथे नुसतं ‘आउटलुक’ म्हटलं तरी तेच, ‘नवीन आउटलुक’ वेगळं) पत्ता सुचवतं ते मुख्यतः स्वतःच्या आठवणीतून. तुम्ही ज्याला मेल पाठवला त्याचं नाव एका वेगळ्या यादीत जातं. कॉन्टॅक्ट्सची वही वेगळी आणि ही यादी वेगळी. थंडरबर्डकडे अशी निराळी आठवण नाही, ते सरळ वहीत शोधतं. नवीन पत्त्यावर मेल गेला की तो पत्ता ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’ नावाच्या दुसऱ्या वहीत टाकतं, आणि पुढच्या वेळी दोन्ही वह्या चाळतं.

म्हणून ‘कॉन्टॅक्टमध्ये ईमेल बदलला तरी जुनाच येतोय’ ही तक्रार बहुतेक वेळा आउटलुकवाल्याची असते. वहीत दुरुस्ती झाली, आठवणीत नाही. उपाय सोपा आहे: रकान्यात नाव टाइप करा, जुना पत्ता सुचला की त्याच्या उजवीकडच्या फुलीवर क्लिक करा, किंवा खालच्या बाणाने त्या ओळीवर जाऊन डिलीट दाबा. मग नवीन पत्ता एकदा वहीतून निवडून मेल पाठवा, तो आठवणीत बसेल. ‘फाइल, ऑप्शन्स, मेल’ इथे खाली ‘एम्प्टी ऑटो-कम्प्लीट लिस्ट’ हे बटण आहे. एका चुकीच्या पत्त्यासाठी ते दाबू नका, सगळीच यादी पुसली जाते. त्याच जागी यादी वापरायची की नाही याची टिकची चौकट आहे. सूचना एकदम बंद झाल्या असतील तर आधी ती बघा, कुणीतरी टिक काढलेली असते.

थंडरबर्डमध्ये दुरुस्ती वहीतच करायची असते, पण दोन्ही वह्यांत बघून. पर्सनल वहीतलं कार्ड, म्हणजे त्या माणसाची नोंद, सुधारलं आणि चुकीचा पत्ता कलेक्टेडमध्ये पडून राहिला, तर तो सुचत राहतो. घाईत टंकताना स्पेलिंग चुकलेला पत्ताही एकदा मेल पाठवला की तिथे कायमचा मुक्कामाला येतो. महिन्यातून एकदा ‘ॲड्रेस बुक’ उघडून कलेक्टेड वही साफ केली की हा त्रास जातो. सूचना कुठल्या वहीतून येते हे दिसावं असं वाटत असेल तर ‘सेटिंग्ज, जनरल’च्या तळाशी ‘कॉन्फिग एडिटर’ उघडा, रोमनमध्ये ‘कॉमेंटकॉलम’ शोधा आणि ० च्या जागी १ टाका. सूचनेशेजारी वहीचं नाव दिसू लागतं. सहा देशमुखांतला कोणता कुठून आला, हे ओळखायला फार कामाचं.

सहा देशमुखांवर थंडरबर्डकडे आणखी एक इलाज आहे, आणि या एका कामात ते आउटलुकच्या पुढे आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. कार्डात ‘निकनेम’ नावाचा रकाना असतो. जालन्याच्या देशमुखांना तिथे रोमनमध्ये ‘जेडी’ दिलं, की ‘जेडी’ टाइप करताच तेच सगळ्यांत वर येतात. निकनेम तंतोतंत जुळलं तर थंडरबर्ड त्याला पहिला मान देतं. बाकीच्या वेळी नाव किती जुळतं ते बघतं आणि बरोबरी झाली तर कुणाला जास्त वेळा मेल गेले ते मोजतं. हा मोजणीचा आकडा कार्डातच असतो. म्हणून कार्ड डिलीट करून नव्याने बनवलं की मोजणी शून्यावर येते, आणि रोजचा माणूस अचानक खाली घसरतो. नवीन कार्ड करण्याऐवजी जुनंच सुधारा. शिवाय थंडरबर्ड शब्दांचे तुकडे एकत्र जुळवतं. ‘देश’, मग जागा सोडून ‘जाल’, असं रोमनमध्ये लिहिलं तर दोन्ही तुकडे ज्या कार्डात असतील तीच कार्डं उरतात. म्हणून आडनावापुढे गावाचं नाव लिहून ठेवायची आपली जुनी सवय इथे थेट उपयोगी पडते.

देवनागरीचं काय?

दोन्हीकडे नाव देवनागरीत ठेवता येतं, अडचण टाइप करताना येते. कार्डावर ‘देशमुख, अंबाजोगाई’ असं देवनागरीत असेल आणि तुम्ही रोमनमध्ये टाइप केलं, तर नाव जुळत नाही, ईमेलच्या अक्षरांवरून जुळलं तरच सापडतं. ईमेल जर ‘सेल्स’ने सुरू होणारा कंपनीचा असेल तर काहीच येत नाही, आणि माणूस म्हणतो सॉफ्टवेअर बिघडलं. थंडरबर्डमध्ये नाव देवनागरीत आणि निकनेम रोमनमध्ये ठेवलं की प्रश्न मिटतो. आउटलुकसाठी आमचा सल्ला आहे की दाखवायचं नावच रोमनमध्ये ठेवा.

डीटीपीवाल्याकडून आलेली जुनी यादी असेल तर वेगळीच गंमत. ती श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असते. फॉन्ट बाजूला केला की खाली रोमन अक्षरं नि चिन्हांची खिचडी उरते. ती इंपोर्ट केली तर दोन्ही प्रोग्रामांत खिचडीच दिसते. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही पीसीवर देवनागरीच दिसेल अशा रूपात, बदलून घ्या, एक्सेलमध्ये सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) निवडा, आणि पूर्ण यादी घालण्याआधी दोन नावं घालून बघा. क्लासिक आउटलुकमधून सीएसव्ही बाहेर काढतानाही देवनागरीची प्रश्नचिन्हं होऊ शकतात.

लाइट गेली की

आउटलुक आपली यादी नीट लिहून ठेवतं ते प्रोग्राम व्यवस्थित बंद करताना. यूपीएस नसलेल्या पीसीची दुपारी लाइट गेली, की त्या दिवशी जोडलेली नवीन नावं गायब होऊ शकतात. ‘परवा तर याच पत्त्यावर मेल केला होता, आज सुचत का नाही?’ याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारला तरी तेच. थंडरबर्डमध्ये पत्ता मेल जाताच वहीच्या फाइलीत उतरतो, त्यामुळे हा धोका कमी. दिवसातून तीनदा लाइट जाणाऱ्या ठिकाणी हा फरक छोटा नाही.

आउटलुकच्या यादीला मर्यादाही आहे: साधारण १००० नावं. त्यापुढे कमी वापरातली नावं गळतात. एखाद्या सीएच्या ऑफिसात वर्षातून एकदाच, जुलैत रिटर्नच्या वेळी मेल होणाऱ्या पार्ट्या नेमक्या अशाच गळतात. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, आकडा वाढवता येतो, पण त्या भानगडीत पडण्यापेक्षा अशी नावं वहीत घाला. रकान्यात थोडी अक्षरं टाकून कंट्रोल आणि के दाबलं की आउटलुक वहीत शोधतं. तरी सापडलं नाही तर कॉन्टॅक्ट्सच्या फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘आउटलुक ॲड्रेस बुक’ आणि तिथली टिक बघा. ती नसेल तर शोधताना हा फोल्डर धरलाच जात नाही.

आउटलुक कुठे भारी पडतं

ऑफिसचा मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ या मायक्रोसॉफ्टच्या सेवेवर असेल तर फार विचार नको, आउटलुकच. कंपनीची सगळ्यांची यादी सर्व्हरवरून आपोआप मिळते, नवीन माणूस रुजू झाला की कुणी कार्ड बनवायला बसत नाही. थंडरबर्डमध्ये ऑफिसची यादी हवी असेल तर एलडॅप सर्व्हर (ऑफिसची सामायिक नावांची यादी पुरवणारा) जोडावा लागतो, आणि तो सेटिंग्जच्या ‘कंपोझिशन’मध्ये ‘ॲड्रेसिंग’खाली टिक करावा लागतो. शिवाय अकाउंट सेटिंग्जमध्ये प्रत्येक अकाउंटला वेगळा एलडॅप सर्व्हर ठरवता येतो. एकाच अकाउंटमधून लिहिताना ऑफिसची नावं येत नसतील तर तिथे बघा.

३६५ मध्ये एक खास दुखणं मात्र आहे. सहकाऱ्याचा मेलबॉक्स नव्याने बनवला गेला, की जुन्या सूचनेतून निवडलेला मेल परत येतो आणि परतीच्या निरोपात ‘आयएमसीईएईएक्स’ने सुरू होणारी लांबलचक ओळ दिसते. आउटलुकच्या आठवणीत ईमेलऐवजी सर्व्हरचा अंतर्गत पत्ता बसलेला असतो, तो आता उरलेला नसतो. फुलीने ती नोंद काढा आणि कंपनीच्या यादीतून नाव पुन्हा निवडा.

उलट, जीमेल किंवा होस्टिंगवाल्याचा साधा आयमॅप मेल (सर्व्हरवरचा मेल प्रोग्राममध्ये दाखवायची नेहमीची पद्धत) असेल तर पारडं थंडरबर्डकडे झुकतं. २०२१ च्या ९१ व्या आवृत्तीपासून त्यात कार्डडॅव, म्हणजे सर्व्हरवरचे कॉन्टॅक्ट्स जोडायची सोय, आहे. फोनमधले गूगल कॉन्टॅक्ट्स जोडले की तेही सुचू लागतात. क्लासिक आउटलुकला कार्डडॅव येत नाही, आयमॅपने जोडलेल्या जीमेलचे कॉन्टॅक्ट्स तिथे उतरत नाहीत. विंडोज ७ वरचा पीसी अजून चालवताय? मग थंडरबर्डची ११५ ही तुमच्यासाठी शेवटची आवृत्ती.

पीसी बदलताना थंडरबर्डचं काम सोपं आहे: ‘हेल्प’मधून ‘ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन’, तिथून प्रोफाइल फोल्डर उघडा, प्रोग्राम बंद करा आणि ‘एबुक’ नि ‘हिस्टरी’ या दोन एसक्यूलाइट (नावाच्या शेवटी ‘.sqlite’ असलेल्या) फाइली उचला. दुसरी म्हणजेच कलेक्टेड वही. क्लासिक आउटलुकमध्ये यादीची प्रत लोकल ॲपडेटामधल्या ‘रोमकॅश’ फोल्डरात, ‘स्ट्रीम ऑटोकम्प्लीट’ने सुरू होणाऱ्या फाइलीत असते. जुनी फाइल नवीन पीसीवर नेऊन तिथल्या फाइलीचं नाव द्यावं लागतं, तेही आउटलुक बंद ठेवून. जमतं, पण दर वेळी नाही. नवीन आउटलुकमध्ये तर ही युक्तीच नाही, तिथल्या सूचना सर्व्हरकडून येतात.

आउटलुक सोडून थंडरबर्डकडे जायचं ठरलं, तर कॉन्टॅक्ट्स एक्सपोर्ट केले म्हणजे झालं असं समजू नका. फक्त आठवणीत असलेली नावं त्या फाइलीत येतच नाहीत, आणि थंडरबर्ड जुने पाठवलेले मेल वाचून पत्ते गोळा करत नाही. आउटलुक काढण्याआधी एक कोरा मेल उघडा, एकेक अक्षर टाइप करत सुचलेली कामाची नावं रकान्यात घ्या, प्रत्येकावर राइट क्लिक करून ‘ॲड टू आउटलुक कॉन्टॅक्ट्स’ निवडा आणि मगच एक्सपोर्ट करा.