रिस्ट शॉट की स्लॅप शॉट?
आइस हॉकी नवीन शिकणाऱ्यांना स्लॅप शॉटचंच, म्हणजे स्टिक मागे उचलून जोरात मारायच्या फटक्याचंच वेड असतं, २०१२ मध्ये एनएचएल (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग) ऑल-स्टारच्या वेळी झ्डेनो चारा या खेळाडूने ताशी १७५ किमीने मारलेला बघितला की कोणालाही तसंच मारावंसं वाटणार. पण स्टिक मागे उचलेपर्यंत गोलीला (गोलरक्षकाला) सगळं कळतं, शिवाय फटका थेट पकवर (रबराच्या चकतीवर) नाही तर जरा मागे बर्फावर बसवायचा, म्हणजे स्टिक वाकते आणि सुटताना पक फेकते, हे जमायला वेळ लागतो. रिस्ट शॉटमध्ये पक स्टिकच्या ब्लेडला (खालच्या चपट्या भागाला) चिकटूनच, ब्लेडच्या टाचेकडून टोकाकडे न्यायचा, वजन मागच्या पायावरून पुढच्यावर, मग मनगट झटकायचं आणि स्टिकचं टोक जिकडे दाखवाल तिकडे पक जातो. वेग कमी पण नेम पक्का. आधी रिस्टच घोटा, स्लॅप ब्लू लाइनवर (समोरच्या संघाचा भाग जिथे सुरू होतो त्या निळ्या रेषेवर) मोकळी जागा मिळाली तरच.