सॉलिसिटर की बॅरिस्टर? १९५० च्या दशकातलं आयर्लंड

सॉलिसिटर म्हणजे अशिलांची कामं आणि कागदपत्रं पाहणारा वकील; बॅरिस्टर म्हणजे कोर्टात बाजू मांडणारा. सॉलिसिटर व्हायचं तर आधी जुन्या सॉलिसिटरकडे उमेदवारी. पगार बहुधा नाहीच, उलट उमेदवारालाच रक्कम मोजावी लागे. पण पुढे एखाद्या गावात पाटी लागली, की शेतजमिनीची खरेदीखतं, मृत्युपत्रं, वारसांची कामं यांवर घर चाले.

बॅरिस्टरला किंग्ज इन्स या बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थेत अभ्यासाबरोबर ठरावीक जेवणांनाही हजर राहावं लागे. मग डब्लिनच्या फोर कोर्ट्स या मुख्य न्यायालयांच्या इमारतीतल्या लॉ लायब्ररीत, म्हणजे बॅरिस्टरांच्या बैठकीच्या जागी, बसून कामाची वाट पाहायची. अशील थेट येत नसे; ब्रीफ, म्हणजे खटल्याचं काम, सॉलिसिटरच देई. फी थकली तरी दावा लावता येत नसे! घरून पैसे येणार नसतील, तर मला सॉलिसिटरचीच वाट शहाणपणाची वाटते. मान मात्र बॅरिस्टरला. वरच्या कोर्टांत बोलायचा हक्क सॉलिसिटरांना १९७१ मध्ये मिळाला.