घाणेरी, रानमोडी की गाजर गवत : आधी हात कशाला घालायचा?

गावाच्या वनहक्क समितीकडे थोडा निधी असतो, वीस-पंचवीस माणसं मिळतात आणि कामाला वर्षातले मोजके दिवस. समोर मात्र परक्या मुलखातून आलेली तीन-तीन तणं माजलेली. अशा वेळी जे डोळ्यांत जास्त भरतं तेच आधी कापायला घेतलं जातं. मला हा हिशेब पटत नाही. आज कोण किती पसरलंय यापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे: बदलत्या हवेपाण्याचा फायदा कुणाला जास्त मिळणार, आणि उपटल्यावर मोकळी झालेली जमीन पुढच्या पावसात कोण धरणार?

पहिल्या प्रश्नासाठी हवेकडे बघावं लागतं. कारखाने येण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे 280 भाग होते, आज ते 420 च्या पुढे गेलेत. आपल्या माळावरची मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतं ज्वारी-मक्यासारखी अन्न बनवतात. हा वायू कमी असतानाही त्यांचं भागायचं, त्यामुळे तो वाढला तरी त्यांच्या पदरात फारसं जास्तीचं पडत नाही. घाणेरी आणि रानमोडीची रीत वेगळी आहे. ओल आणि नत्र पुरेसं असलं की वाढीव वायू त्यांच्या अंगी लागतो. त्यात पावसाची तऱ्हा बदललेली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने 2017 साली झालेल्या अभ्यासात दिसलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणारी अतिवृष्टी तिपटीने वाढली. माती वाहून गेलेल्या उघड्या जागेवर जो आधी रुजेल त्याची ती जागा. सावकाश रुजणारं इथलं गवत तिथे मागे पडतं.

गाजर गवताची भारतातली सुरुवातीची नोंद पुण्यातली, 1955-56 च्या सुमाराची. उगवल्यावर साधारण महिन्याभरात ते फुलावर येतं आणि एका झाडाला 15 ते 25 हजार बिया धरतात. त्याला ठरावीक हंगाम लागत नाही, ओल मिळाली की पुरे. म्हणूनच मला अवकाळी पावसाची जास्त काळजी वाटते. आपल्याकडे या गवताचा सर्वांत भरवशाचा शत्रू म्हणजे मेक्सिकन भुंगा. तो 1984 मध्ये बंगळूरला पहिल्यांदा सोडला गेला आणि आता देशात बऱ्याच भागांत स्थिरावलाय. पावसाळ्यात त्याच्या अळ्या आणि भुंगे पानांचा पार चोथा करतात. पण पावसाळा सरला की भुंगा मातीत शिरून झोपतो तो पुढच्या पावसापर्यंत. माघ-फाल्गुनात अवकाळी सरी आल्या तर गाजर गवताची नवी पिढी उगवते, फुलते, बी टाकते आणि तिला खाणारा तेव्हा झोपलेला असतो. दोघांच्या वेळापत्रकातली ही फट हवामान रुंदावत चाललंय. शिवाय वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवलेली ही झाडं जास्त जोमदार होतात, असं प्रयोगांत दिसलंय. ज्या माणसाच्या हातापायांवर या गवताने एकदा चट्टे उठवलेत, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तरीही काढायला तिघांत सोपं हेच. पावसाळ्यात माती ओली असताना, फूल येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. फुलण्याआधी उपटलेल्याचं कंपोस्ट करता येतं, फुलल्यावर मात्र बिलकूल नाही. मोकळ्या जागेत टाकळ्याचं बी फेकायचं; तो दाट उगवतो, गाजर गवताला दाबतो आणि कोवळा असताना भाजीलाही होतो. अडचण एकच, हे काम संपत नाही. रस्त्याकडेच्या मुरमातून, गाड्यांच्या चाकांना लागून बी पुन्हा येतंच.

रानमोडीचं गणित वेगळं, आणि ते मुख्यतः कोकण, गोवा आणि घाटमाथ्याच्या जास्त पावसाच्या भागाचं. तिला ऊन हवं असतं. छत मिटलेल्या रानात तिचं काही चालत नाही, पण वाट, तोड, वणवा, पडीक वरकस जमीन जिथे दिसेल तिथे ती हजर. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळी आणि आंब्याच्या बागा आडव्या केल्या. माणसाच्या दृष्टीने ते नुकसान होतं, रानमोडीच्या दृष्टीने ते उघडलेलं आकाश. अरबी समुद्र तापतोय, तिथली वादळं वाढतायत, आणि वाऱ्यावर उडणारं तिचं हलकं बी अशा मोकळ्या जागांवर सहज पोचतं. उन्हाळ्यात वाळलेली रानमोडी वणव्याला सरपण पुरवते आणि स्वतः मात्र बुंध्यातून पुन्हा फुटते. तिच्यासाठी एकच मुहूर्त सांभाळायचा: फुलं येण्याआधी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आसपास. नुसती कोयत्याने छाटली तर धुमारे फुटतात, म्हणून खोडाखालचा गड्डा कुदळीने उचलायचा आणि तिथे लगेच भराभर सावली धरणारी स्थानिक झाडं लावायची. सावली झाली की पुढची राखण ती झाडंच करतात.

घाणेरी, म्हणजे कोकणातली टणटणी, ही या तिघांतली सगळ्यांत जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली. 2020 च्या एका अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या अधिवासापैकी 40 टक्क्यांहून अधिक क्षेत्रात तिचा शिरकाव झालेला आहे. हिमालयाच्या उतारांवर तिला हिमतुषार अडवतात, त्यामुळे तिथे हिवाळा उबदार झाला की ती वर सरकते. आपल्याकडे थंडीची आडकाठी नाहीच. इथे तिला वाट करून देतात वणवे, अतिचराई आणि दुष्काळात वठलेली झाडं. जाळून ती जात नाही, उलट बुंध्यातून दुप्पट जोमाने येते. तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही, आणि गुरांनी पाला खाल्ला तर यकृत बिघडतं.

तिच्यावर परदेशी किडे सोडण्याचे प्रयत्न भारतात शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाले, पण गाजर गवतासारखं यश आलं नाही. चाललेली पद्धत दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबू यांची: खोड आणि मूळ जिथे जुळतात तो भाग जमिनीखाली तीन-चार बोटांवर तोडायचा आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. मेहनत दांडगी, पण खर्च साधा आणि विष नाही. कर्नाटकातल्या मले महादेश्वर डोंगरात सोलिगा आदिवासी कारागीर घाणेरीच्या काड्यांचं फर्निचर करतात. त्यातून मजुरी सुटते ही मोठी गोष्ट, पण काड्या नेल्या आणि मूळ राहिलं तर रान मोकळं झालं असं मी म्हणणार नाही.

मग निवड कशी करायची? तुमची जमीन कोकणातली पडीक किंवा वादळाने उघडी पडलेली बाग असेल, तर रानमोडी आधी, आणि तीही यंदाच. पुढच्या हंगामाचं बी उडालं की काम कितीतरी पटींनी वाढतं. शेताचे बांध, शाळेचं मैदान, वस्तीची कडा असेल तर गाजर गवत, कारण तिथे प्रश्न माणसांच्या कातडीचा आणि दम्याचा आहे. त्यात अवकाळीनंतरची एक जादा फेरी वर्षाच्या नियोजनात धराच. आणि सामूहिक वनहक्काचं रान किंवा गुरचराई असेल, तर माझं मत घाणेरीच्या बाजूने पडतं. गाजर गवताला भुंगा आहे, रानमोडीला सावली आहे. घाणेरीला माणसाच्या कुदळीशिवाय कोणी नाही.

तळ्यातल्या जलपर्णीला मी या तुलनेत धरलं नाही. पाणी कोमट होतंय हे खरं, पण तिला पोसतं ते सांडपाणी. नाला वळवल्याशिवाय तिच्यावर माणसं लावू नका.

तणनाशकाचा मोह होईल. 2022 मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर निर्बंध आणले, हे लक्षात असू द्या. शिवाय वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढलेली काही तणं त्याला कमी दाद देतात, असं प्रयोगांत आढळलंय. जंगलात पाणवठा जवळ असताना तर त्याचा विचारही नको.

घाणेरी निवडली तर गाभ्यातल्या दाट जाळीपासून सुरुवात करू नका. जिथे अजून तुरळक झुडपं आणि आसपास गवत शिल्लक आहे, त्या कडेपासून आत चला. मारवेल-पवन्याचं बी आदल्या हिवाळ्यातच गावच्या कुरणातून गोळा करून ठेवा, आणि मोकळ्या पट्ट्यावर पहिल्या पावसाआधी टाका. बी हाताशी नसेल तर तेवढा पट्टा या वर्षी उघडूच नका. पुढची दोन वर्षं पावसाळ्यात मोठ्या झाडांखाली फेरी मारा. बुलबुल घाणेरीची फळं खाऊन तिथेच बसतात, तिची रोपं तिथेच उगवतात, आणि ओल्या मातीतून तेव्हा ती दोन बोटांनी निघतात.