घरी बदललेला क्लच, काही महिने चालवल्यावर

क्लच घरीच बदलला त्याला आता बरेच महिने झाले, तेव्हापासून ट्रॅफिक, चढ, हायवे, मागे फुल सामान, सगळ्यात गाडी चालवून झालीय, म्हणून आता लिहितोय. बदलल्या बदलल्या सगळ्यांचाच क्लच मऊ लागतो, खरं काय ते नंतर कळतं.

आधीची हालत सांगतो. वरच्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम पळायचा आणि स्पीड जागेवर, चढावर जळका वास, आणि पेडल एवढं जड की गुडघा दुखायचा. पेडल जड होणं हेही झिजेचंच लक्षण असू शकतं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, क्लचची प्लेट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी घर्षणाची चकती) पातळ झाली की तिला दाबून धरणाऱ्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या बोटांचा कोन बदलतो आणि दाबायला जास्त जोर लागतो. केबल बदलून बघणारे खूप आहेत, दर वेळी त्यानं फरक पडतोच असं नाही.

माझं ठाम मत, नुसती प्लेट कधीच टाकू नका. प्लेट, प्रेशर प्लेट (प्लेटला दाबून धरणारा, स्प्रिंगवाला भाग) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की ती स्प्रिंग ढकलणारं बेअरिंग) तिन्ही एकदम, यालाच किट म्हणतात. सगळी मेहनत ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकांकडे जाणारे दांडे) काढून गिअरबॉक्स खाली घेण्यात आहे आणि एका बेअरिंगसाठी ती परत करायची कुणाची इच्छा नसते. गिअरबॉक्स उतरवताना गाडी नुसत्या जॅकवर अजिबात ठेवायची नाही, खाली स्टँड हवेतच, इंजिनाला खालून किंवा वरून आधार हवा आणि दुसरा माणूसही हवाच.

पण आज क्लच नीट चालतोय तो नुसत्या नव्या किटमुळे नाही असं मला मनापासून वाटतं, तर मधल्या सफाईमुळे आणि सीलमुळे. जुन्या प्लेटच्या कडेला तेलाचा ओलावा होता, म्हणून इंजिनाच्या क्रँकचं मागचं सील आणि इनपुट शाफ्टचं (गिअरबॉक्समधून येऊन प्लेटमध्ये बसणाऱ्या दांड्याचं) सील दोन्ही बदलली. ते तसंच सोडलं असतं तर नवीन प्लेटवर पण तेल आलं असतं आणि परत स्लिप, म्हणजे प्लेट घसरणं. फ्लायव्हीलवर (इंजिनाला लागलेलं जड चाक, ज्यावर प्लेट दाबली जाते) तडे नव्हते, हलकी चकाकी होती ती पॉलिश पेपरनं घालवली. तडे किंवा मोठे निळे डाग असतील तर मात्र लेथवर टर्निंगला द्या नाहीतर बदला. नव्या प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरनं पूर्ण पुसायचा. स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस अगदी पुसट. जुन्या क्लचची धूळ फुंकायची नाही, हवाही मारायची नाही, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा.

बसवताना प्लेट बरोबर मधोमध बसावी म्हणून अलाइनमेंट टूल वापरलं, प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू बघून घेतली आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत शेवटी टॉर्क रेंचनं कसले. गिअरबॉक्स हातानंच इंजिनाला पूर्ण टेकला पाहिजे, बोल्टनं ओढून आणायचा नाही, आणि इनपुट शाफ्टवर लटकत तर बिलकुल सोडायचा नाही, प्लेटचा हब (मधला भाग) वाकतो आणि मग क्लच नीट सुटतच नाही.

सुरुवातीचे काही शे किलोमीटर जोरात उचल घेतली नाही, हाफ क्लचवर (पेडल अर्धं दाबून ठेवून) ताणली नाही. तेव्हा रिव्हर्सला जरा थरथर यायची, नंतर आपोआप गेली. मध्ये एकदा केबलचा फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी चाल) सेट करावा लागला, एवढंच. आता पेडल हलकं, रिव्हर्स न खरखरता पडतो, चढावर फुल लोडला पण आरपीएम आणि स्पीड सोबत चढतात, बेअरिंगचा आवाज नाही.

एक तक्रार आहे, एका बाजूच्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून नंतर गिअर ऑइल पाझरायला लागलं. शाफ्ट बाहेर असतानाच ती सीलही बदलून टाका आणि गिअर ऑइल नवीनच भरा. केबलऐवजी हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) क्लच असेल आणि त्याचा सिलिंडर बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कव्हरच्या) आत असेल तर तोही त्याच वेळी बदला. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं) असलेल्या गाडीत मात्र आधी त्याचा खेळ तपासा, ते फ्लायव्हील खराब झालेलं असेल तर नवीन किट टाकूनही थरथर जात नाही.